राखेच्या विटा आणि सरकारचे भागभांडवल: भुसावळ पट्ट्यातील एका मागासवर्गीय औद्योगिक संस्थेचे प्रकरण

हे प्रकरण भुसावळ परिसरातल्या एका मागासवर्गीय सहकारी औद्योगिक संस्थेचे आहे. संस्थेचे, गावाचे आणि माणसांचे नाव घेतलेले नाही. ओळख पटेल असे तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत. व्यवहार मात्र जसा झाला तसाच मांडला आहे. लेखापरीक्षणाच्या निमित्ताने संस्थेचे ताळेबंद, सभेची इतिवृत्ते आणि उधारीची वही पाहायला मिळाली. सभासदांशी बोलणेही बरेच झाले. अशा संस्थांविषयी दोनच प्रकारचे लिखाण सापडते: एक योजनेच्या कौतुकाचे, दुसरे घोटाळ्याचे. या संस्थेत घोटाळा झाला नाही आणि कौतुकासारखेही फार काही घडले नाही, म्हणूनच ती अभ्यासाला बरी.

पार्श्वभूमी

भुसावळ पट्ट्यात सरकारची ओळख तलाठ्यापेक्षा भोंग्याने जास्त होते. रेल्वे इंग्रजांच्या काळापासूनची. भुसावळचा आयुध कारखाना १९४९ चा, वरणगावचा १९६४ चा आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र साठच्या दशकाच्या अखेरचे. गावात येसकरकी (वेशीची राखण आणि गावकीची राबणूक) करणाऱ्याचा मुलगा फॅक्टरीत लागला, क्वार्टरमध्ये राहायला गेला, पोरांना फॅक्टरीच्या शाळेत घातले, अशा कहाण्या या भागातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये घरटी नाही, पण गल्लीगणिक ऐकायला मिळतात. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावनोकरांची वतने गेली. वतनाबरोबरची राबणूक सुटली, पण पोटाला दुसरे काय, हा प्रश्न गावाने सोडवला नाही. इथे तो कारखान्याच्या पगाराने सोडवला.

त्यातही मेख होती. धर्मांतर १९५६ चे, पण केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या त्या १९९० साली. आयुध कारखाना आणि रेल्वे ही दोन्ही केंद्राची खाती. त्यामुळे घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’ असा दुहेरी कारभार अनेक घरांनी वर्षानुवर्षे केला. या संस्थेच्या संस्थापकांपैकी निम्म्यांचे दाखले तसेच आहेत. त्याबद्दल ते आज हसून बोलतात. तेव्हा हसण्यासारखे काही नव्हते.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लिहून ठेवले होते की शेतीचे तुकडे जोडून दुखणे जाणार नाही. जमिनीवर फुकट पडलेले हात उद्योगात जायला हवेत. पुढे १९४७ मध्ये संविधान सभेसाठी केलेल्या निवेदनात ते आणखी पुढे गेले: कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्यानेच चालवावेत, पायाभूत उद्योग राज्याने किंवा त्याच्या महामंडळांनी चालवावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, शेतीदेखील राज्याचा उद्योग असावा. कारण सरळ होते. ज्याच्याकडे ना जमीन ना पेढी, त्याला खाजगी बाजारात सोडले तर तो नोकरीसाठी हक्क गहाण ठेवील. भुसावळ पट्ट्याने या विचाराचा निदान एक तुकडा प्रत्यक्ष पाहिला.

दुसऱ्या पिढीच्या वाट्याला तो तुकडाही पुरता आला नाही. पोरे आयटीआय करून फिटर-टर्नर झाली आणि कारखान्याच्या फाटकातून आत गेली ती ठेकेदाराची माणसे म्हणून. ठेकेदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली, म्हणजे आरक्षित जागांचा क्रम, नसते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, ते फार नंतर. भरतीचा ओघ त्याच्या कितीतरी आधी आटला होता.

संस्था कशी उभी राहिली

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २००४ पासून मागासवर्गीय सहकारी औद्योगिक संस्थांना अर्थसहाय्य द्यायला सुरुवात केली. योजनेचा साचा असा: प्रकल्प खर्चाच्या ५ टक्के सभासदांचा स्वहिस्सा, ३५ टक्के शासनाचे भागभांडवल, ३५ टक्के शासनाचे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि उरलेले २५ टक्के बँकेचे किंवा वित्तीय संस्थेचे कर्ज. सोयीसाठी प्रकल्प एक कोटीचा धरला तर सभासदांनी ५ लाख जमवायचे, ७० लाख सरकार देणार, २५ लाख बँक.

अशा संस्थांत बहुतेक वेळा स्वहिस्सा एखादा पुढारी भरतो आणि सभासद यादीपुरते असतात. इथे तसे झाले नाही. फॅक्टरीतून आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्यांनी आपल्या ग्रॅच्युइटीतून पैसे काढले, आयटीआयवाल्या पोरांनी थोडे घातले, काही बायकांनी बचत गटातून घातले. अध्यक्ष म्हणजे आयुध कारखान्यातून चार्जमन होऊन बाहेर पडलेले एक गृहस्थ. सगळे त्यांना नाना म्हणतात. व्यवस्थापक त्यांच्या भावकीतला टर्नर पोरगा.

काय काढायचे यावर पहिल्या सभेत चार सूचना आल्या. जिनिंगचा विचार लवकर मागे पडला: हंगाम चार महिन्यांचा, कापूस रोखीने घ्यायचा, भावाचा भरवसा नाही. डाळ मिल जळगावात जुन्या पेढ्यांच्या हातात. तिथे यंत्रापेक्षा व्यापाऱ्याचा शब्द चालतो आणि तो शब्द तीन पिढ्यांत कमावलेला असतो. जळगावची प्लॅस्टिक चटई प्रसिद्ध, पण तिला लागणाऱ्या प्लॅस्टिक दाण्याचा दर रोज बदलतो. उरली वीट. नानांचा मुद्दा पटण्यासारखा होता. वीज केंद्राची राख फुकट मिळते. १९९९ च्या सप्टेंबरमधल्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना राख मोफत देणे भाग पाडले होते. २००९ च्या नोव्हेंबरमधल्या दुरुस्तीने तर कोरड्या राखेतली किमान २० टक्के वीट-ब्लॉक करणाऱ्यांना प्राधान्याने आणि मोफत द्यायची असे ठरवले. शिवाय अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना सुरू होती, म्हणजे विटा लागणारी घरेही आपल्याच लोकांची. कच्चा माल सरकारी, भांडवल सरकारी, घरकुल सरकारी. नाना म्हणाले, “तिन्ही बाजूनं सरकार असल्यावर आपल्याला बाजाराचं भेव काय?”

पुढचे सगळे प्रकरण या एका वाक्याभोवती फिरते.

जागेचा निर्णय मात्र शहाणपणाचा झाला. काही सभासदांनी आपली वतनाची जमीन देऊ केली होती. ती भोगवटादार वर्ग-२ ची, नव्या आणि अविभाज्य शर्तीची. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, नजराणा आणि मग बिगरशेती, या रांगेत दोन-तीन वर्षे सहज गेली असती. संस्थेने रस्त्यालगत वर्ग-१ ची थोडी महाग जमीन घेतली. पुष्कळांना तेव्हा ते उधळपट्टीचे वाटले.

अडचण

शासनाचे भागभांडवल आले, कर्जाचा पहिला हप्ता आला, शेड उभी राहिली, हायड्रॉलिक प्रेस आणि मिक्सर बसले. बँकेचे २५ टक्के आले नाहीत.

बँकेने नाही असे कधी लेखी म्हटले नाही. जमीन, शेड, यंत्रे यांच्यावर शासनाच्या कर्जाचा बोजा आधीच चढलेला होता आणि बँकेला पहिला बोजा हवा होता. शासनाने आपला बोजा मागे घ्यावा असे पत्र संस्थेने दिले. ते पत्र जिल्ह्याहून आयुक्तालयात, तिथून मंत्रालयात असे फिरत राहिले. प्रकल्प अहवालात हेच २५ टक्के खेळते भांडवल म्हणून धरलेले. म्हणजे यंत्र होते आणि ते चालवायला लागणारा रोजचा पैसा नव्हता.

राखेच्या विटेला रोजचा पैसा किती लागतो ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. राख फुकट, पण केंद्रावरून आणायचे भाडे तेव्हा संस्थेच्याच माथी. (राखेपासून वस्तू करणाऱ्यांसाठी १०० किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च केंद्रांनी सोसावा ही दुरुस्ती २०१६ ची.) कोरडी राख न्यायला बंद बल्कर (टाकीचा ट्रक) लागतो, तो सिमेंट कंपन्यांकडे असतो, संस्थेकडे ट्रॅक्टर-ट्रॉली. म्हणून नियमात प्राधान्य असूनही प्रत्यक्षात तळ्यातली ओली राख उचलावी लागे. ती उन्हाळ्यात वाळवून, चाळून घ्यायची. खडी क्रशरची कच ब्रासच्या भावाने रोख. सिमेंट रोख. मग प्रेसखालून निघालेली वीट फळीवर ठेवायची, दुसऱ्या दिवशी उचलून थप्पी लावायची आणि दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, दुपारी एकदा जास्त. पाणी चुकले की वीट कोपऱ्याला झडते. म्हणजे आज घातलेला पैसा तीन आठवडे थप्पीतच पडून राहतो, आणि त्यानंतर वीट विकली गेली तर.

ती विकली जात नव्हती. गवंडी म्हणत, “राखीच्या इटा त्या, भो. पान्यात इरघळून जातीन.” संस्थेच्या फाटकाजवळ मग एक बादली ठेवण्यात आली. तिच्यात एक राखेची आणि एक भट्टीची वीट रात्रभर बुडवलेली असे. सकाळी दोन्ही काढून तराजूत घालायच्या, म्हणजे कुणी किती पाणी प्यायले ते दिसे. भारतीय मानक १२८९४ प्रमाणे राखेच्या विटेने २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषता कामा नये. संस्थेची वीट त्यात आरामात बसे, शेजारची लाल वीट बहुधा बसत नसे. गवंडी बघत, मान हलवत आणि भट्टीवरूनच वीट आणत.

खरे कारण विटेत नव्हतेच. घरकुलाचे पैसे लाभार्थ्याच्या खात्यात हप्त्याहप्त्याने येतात: जोत्यापर्यंत बांधकाम दाखवा, मग पुढचा हप्ता. बांधकाम आधी आणि पैसा मागून. मधल्या काळात वीट उधारीवर कोण देतो? भट्टीवाला. तो लाभार्थ्याला पिढ्यांपासून ओळखतो. त्याच्या शेतावर हा माणूस कामाला जातो, हप्ता आला की कुठे गाठायचे हे त्याला ठाऊक असते. संस्थेकडे उधार द्यायला भांडवल नव्हते. आपल्याच लोकांची घरे, आपल्याच लोकांचा कारखाना, आणि दोघांच्या मध्ये भट्टीवाल्याची उधारी. नानांच्या हिशेबात सरकार तिन्ही बाजूंनी होते. या चौथ्या बाजूकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते.

त्यात अंदाजपत्रक. ग्रामपंचायतीच्या आणि शाळाखोल्यांच्या कामांच्या अंदाजपत्रकात बांधकामाची बाब ‘दुय्यम प्रतीच्या भाजलेल्या विटा’ अशीच लिहिलेली असे. राखेची वीट भाजलेली नसते. त्यामुळे सरकारी कामात ती वापरली तर मोजमाप पुस्तिकेत बसणार कशी, हा अभियंत्याचा प्रश्न. सरकारच्याच एका खात्याने पैसे देऊन बनवायला लावलेली वस्तू सरकारच्याच दुसऱ्या कागदात बसत नव्हती.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस काम जवळजवळ थांबले आणि शासकीय कर्जाच्या परतफेडीची नोटीस आली. विशेष सभा बोलावली गेली. तिचे इतिवृत्त एरवीच्या मानाने लांबलचक आहे. सचिवांनी भांडणेही लिहून ठेवली आहेत, हे त्यांचे उपकार.

पहिला पर्याय घेऊन एक ठेकेदार स्वतः आला होता. रस्ते-गटारांची कामे घेणारा. तो म्हणाला, कारखाना मला चालवायला द्या, महिन्याला ठरावीक भाडे देतो, तुम्ही फक्त सह्या करा. शासनाच्या परवानगीशिवाय संस्था अशी भाड्याने देता येत नाही, पण अशा कितीतरी संस्था तशाच चालतात हेही सभेत सगळ्यांना माहीत होते. निवृत्तांपैकी बरेच जण या बाजूचे. त्यांचे म्हणणे, निदान सरकारी हप्ता तरी निघेल, घातलेला पैसा तरी परत येईल. इथे त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. आयुष्यभराच्या कमाईतला भाग अडकला होता.

पाणी मारण्याच्या कामावर असलेल्या एका सभासद बाईंचे वाक्य इतिवृत्तात आहे: “भाड्यानं दिली तं आमची हजेरी कोन लावीन?” ठेकेदार आपली माणसे आणणार हे उघड होते, आणि ती बहुधा सातपुड्याच्या पायथ्याची, उचल देऊन आणलेली पावरा आदिवासी कुटुंबे असणार. ज्या अन्यायातून हे लोक बाहेर पडू पाहत होते, तोच दुसऱ्याच्या माथी मारून वर भाडे खायचे, असे सभेत कोणी बोलून दाखवले नाही. इतिवृत्तात तरी नाही.

दुसरा पर्याय पतपेढीकडून चढ्या व्याजाने पैसे उचलायचा. व्यवस्थापकाने कागदावर हिशेब मांडून दाखवला की विटेमागचा सगळा नफा व्याजात जातो. तो विषय तिथेच संपला.

तिसरा, मजुरीवर वीट पाडून द्यायची. सिमेंट आणि कच गिऱ्हाइकाची, यंत्र आणि मजूर संस्थेचे, दर हजारी. नफा कमी, पण भांडवल लागत नाही.

चौथा पर्याय व्यवस्थापकाचा स्वतःचा होता आणि सर्वांत वादग्रस्त ठरला. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय खाती आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीचा २० टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा होता, आणि त्या २० पैकी ४ टक्के (एकूण खरेदीच्या ४ टक्के) अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून. २०१५ च्या एप्रिलपासून ते बंधनकारक झाले. रेल्वे आणि आयुध कारखाने दारातच होते. कुंपणभिंती, क्वार्टरची दुरुस्ती, पेव्हर ब्लॉक यांची कामे सतत निघतात. पण या धोरणात ‘अनुसूचित जातीच्या मालकीचा उद्योग’ म्हणजे काय याच्या व्याख्येत एकल मालकी, भागीदारी आणि खाजगी लिमिटेड कंपनी असे तीनच प्रकार दिलेले, त्यातल्या शेवटच्या दोहोंत किमान ५१ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींचा हवा अशी अट. सहकारी संस्था त्यात नाही. आणि असती तरी पंचाईतच: ४० लाखांच्या भागभांडवलात ३५ लाख सरकारचे, मग मालकी कोणाची म्हणायची? सरकारने जितकी जास्त मदत केली तितकी संस्था ‘अनुसूचित जातीची’ कमी झाली. हा विनोद मी कुठून आणलेला नाही, व्यवस्थापकानेच तो सभेत केला होता. त्याची सूचना अशी की चार-पाच सभासदांनी भागीदारी काढावी, निविदा भरावी आणि विटा संस्थेकडून मजुरीने पाडून घ्याव्यात.

ठरले ते आणि केले ते

भाड्याने देण्याचा ठराव थोड्या मतांनी पडला. निर्णायक ठरल्या त्या बायका. एरवी सभेला नवऱ्यांना पाठवणाऱ्या सभासद स्त्रिया त्या दिवशी स्वतः आल्या होत्या.

मजुरीचे काम मंजूर झाले आणि त्याच ठेकेदाराशी करार झाला. राग धरायची चैन परवडणारी नव्हती. करार लेखी करायचा, ही व्यवस्थापकाची अट. त्यातले एक कलम पुढे सोन्याचे ठरले: मजुरी चुकती झाल्याशिवाय थप्पी फाटकाबाहेर जाणार नाही. दोन वेळा ट्रक रिकामे परत गेले, तिसऱ्या वेळी पैसे आधी आले.

घरकुलांसाठी शेजारच्या एका गावात प्रयोग केला. लाभार्थ्यांनी हप्ता आल्यावर विटेचे पैसे थेट संस्थेला देण्याचे संमतीपत्र द्यायचे, सरपंचांनी साक्षीदार राहायचे, आणि संस्थेने फक्त जोत्याच्या वरच्या भिंतींपुरती वीट उधार द्यायची. जोत्यासाठी नाही, कारण पहिला धोका तिथेच असतो. सरपंच अक्का त्याच समाजाच्या, कामाला खमक्या. शाखा अभियंत्यांना भेटून त्यांनी अंदाजपत्रकात ‘किंवा मानकानुसार राखेची वीट’ एवढे शब्द घालून घेतले. हे काम संस्थेने दीड वर्ष अर्ज करूनही झाले नव्हते. अभियंत्यांना त्यात वावगे काही वाटले नाही. त्यांच्याकडे तोवर निर्वाचित माणूस असा कागद घेऊन आलाच नव्हता, इतकेच.

भागीदारीचा प्रस्ताव मात्र सभेने फेटाळला. “संस्था आमची, मलई चौघांची” हा आक्षेप. व्यवस्थापकाने दर आधी ठरवून घ्या, करार सभेपुढे ठेवा असे सुचवले, पण तोवर हवा बदलली होती. भावकीतला पोरगा असल्याने नानांनाही त्याची बाजू उघड घेता येईना. सहा महिन्यांत तो चाकणला एका खाजगी कंपनीत निघून गेला.

निष्पत्ती

संस्था बंद पडली नाही. पावसाळा आणि मधले काही खंड सोडले तर कारखाना चालतो, मुख्यतः मजुरीच्या कामावर. पंधरा-वीस जणांना, त्यात बायका जास्त, घराजवळ काम आहे. मजुरी हातात नाही, खात्यात जमा होते. शेतमजुरीच्या दराहून ती थोडी बरी. फॅक्टरीच्या पगाराशी तिची तुलना करता येणार नाही: ना क्वार्टर, ना दवाखाना, ना निवृत्तिवेतन.

त्या गावातल्या घरकुलांची वसुली, दोन-तीन अपवाद वगळता, पूर्ण झाली. संमतीपत्राची पद्धत पुढे आणखी दोन गावांत गेली आणि तिथे सरपंच बदलल्यावर थांबली. शासकीय कर्जाचे हप्ते थकलेले आहेत, दंडव्याज चढते आहे. सभासदांचा स्वहिस्सा परत आलेला नाही, लाभांश कधी वाटलाच नाही. बँकेचे कर्ज शेवटपर्यंत मिळाले नाही. बोजाचे पत्र मंजूर झाले तेव्हा बँकेने मागील ताळेबंद पाहून नकार दिला.

कागदोपत्री आढाव्यात संस्था ‘चालू’ आणि ‘थकबाकीदार’ अशा दोन्ही रकान्यांत आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट आकाराची. योजनेत स्वहिस्सा विसावा भाग, त्यामुळे अंदाजपत्रक जितके मोठे तितके सरकारी भागभांडवल मोठे. प्रकल्प अहवाल करून देणारे सल्लागार याच जोरावर आकडा फुगवतात. या संस्थेने हातप्रेसवर किंवा लहान यंत्रावर वर्षभर वीट पाडून गिऱ्हाईक बघितले असते, तर उधारीची भानगड हायड्रॉलिक प्रेस बसण्याच्या आधी समजली असती. पण लहान प्रकल्पाला योजनेत वाट अवघड होती, हेही खरे. दोष एकट्या संस्थेवर टाकता येत नाही.

दुसरी खेळत्या भांडवलाची. शासनाचे दोन्ही हिस्से यंत्र-इमारतीत घालून रोजच्या चलनवलनासाठी बँकेवर विसंबणे हा साचाच धोक्याचा. बोजाचा प्रश्न प्रकल्प मंजुरीच्या वेळीच, शासन-बँक-संस्था अशा त्रिपक्षीय कराराने मिटवायला हवा होता. भागभांडवलाचा हप्ता यंत्रावर खर्च करण्यापूर्वी बँकेचे मंजुरीपत्र हातात असले पाहिजे, असे आता नाना नव्या संस्थावाल्यांना सांगतात. ते ऐकून घेतात आणि यंत्राची ऑर्डर देऊन येतात.

भागीदारी फेटाळण्याचा निर्णय मला चुकीचा वाटतो. आक्षेप खोटा नव्हता. सहकारातली मलई चौघांच्या ताटात जाताना महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली आहे. पण त्यावर उपाय होता: मजुरीचा दर सभेने ठरवायचा, भागीदारीच्या नफ्यातला वाटा संस्थेकडे, हिशेब दर तिमाहीला सभेपुढे, आणि भागीदारांत एक-दोन बायका. यंत्रापेक्षा दुर्मीळ असलेला माणूस त्या एका ठरावात गमावला.

आता मोठ्या प्रश्नाकडे. आयुध कारखान्याला कधी गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. त्याचा माल सरकारच घेत होते. वीज केंद्राची वीज मंडळ घेत होते. रेल्वे स्वतःसाठीच डबे दुरुस्त करत होती. त्या पगारातून जो सामाजिक न्याय या वस्त्यांपर्यंत आला, त्याच्या मुळाशी ही हमी होती. २००४ च्या योजनेत राज्याने मालकी आणि चालवणे सोडून फक्त पैसा दिला. जोखीम सभासदांकडे गेली, नियंत्रण बरेचसे कार्यालयाकडे राहिले आणि विक्री त्या बाजारावर सोडली जिथे उधारी जातीच्या आणि शेताच्या ओळखीवर मिळते. १९४७ च्या निवेदनातली मांडणी अशी नव्हती. तिथे राज्य उद्योगाचा मालकही होते आणि चालकही. बी-भांडवल देऊन बाजूला होणारे राज्य हा नंतरचा प्रकार.

सरकारी मालकीच्या कारखान्यांचे दिवस परत येतील असे कुणी इथे धरून चाललेले नाही. पण वीट घेणारे सरकार अजून जागेवर आहे. घरकुल, अंगणवाडी, शाळाखोली, गटार यांची अंदाजपत्रके आजही जिल्ह्यातच होतात. अशी संस्था काढणाऱ्याने प्रकल्प अहवालाच्या आधी तीन कागद मिळवावेत: तालुक्यातल्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात आपली वस्तू नावानिशी आहे की नाही याचे उत्तर, घरकुलाच्या हप्त्यातून पुरवठादाराला थेट पैसे देता येतील का याची लेखी विचारणा आणि तिचे उत्तर, आणि राखेसारखा माल असेल तर मोफत कोट्यासोबत वाहतूक कोण देणार याचे पत्र. या संस्थेला तिन्ही कागद मिळाले, पण यंत्र आल्यानंतर.

सहकारी संस्थेला खरेदी धोरणाच्या व्याख्येत जागा मिळावी असा अर्ज संस्थेने पाठवला आहे. त्यात शासनाचे भागभांडवल मालकीच्या हिशेबातून वगळून उरलेल्या भागांवर ५१ टक्क्यांची अट लावावी अशी मागणी आहे. मसुदा चाकणहून व्यवस्थापकानेच लिहून पाठवला. पोच मिळालेली आहे.